चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी डिजिटल ईक्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्श्वसंगीताच्या मिक्सला नव्याने बसणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ईक्यू म्हणजे इक्वलायझर: आवाजातल्या खालच्या, मधल्या, वरच्या पट्ट्या कमी-जास्त करायचं साधन. जिथे हिशोब आहे तिथे हिशोब दिलाय, जिथे माझी निव्वळ आवड आहे तिथे तसं सांगितलंय.

गाण्याच्या मिक्समध्ये ईक्यू करतोच की. पार्श्वसंगीतात वेगळं काय?

गाण्यात संगीत घरमालक असतं, चित्रपटात ते भाडेकरू. घरात आधीपासून संवाद राहतात, पावलं वाजतात, पाऊस पडतो, दारं आपटतात. त्यामुळे 'व्हायोलिन छान वाजतंय का?' या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. 'या वाक्याखाली, या दृश्यात व्हायोलिन छान वाजतंय का?' हा खरा प्रश्न.

दुसरा फरक म्हणजे शेवटचा हात तुमचा नसतो. तुम्ही स्टेम देता (तंतुवाद्यं वेगळी, पितळी वाद्यं वेगळी, तालवाद्यं, कोरस, सिंथ वेगळे) आणि ते संवाद व इफेक्ट्सबरोबर बसवायचं काम री-रेकॉर्डिंग मिक्सर करतो. स्टेममध्ये कायमचं कापून टाकलेलं त्याला परत आणता येत नाही. न कापलेलं मात्र तो दोन सेकंदांत कापू शकतो. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

ट्रॅक सोलो करून (बाकी सगळे बंद ठेवून एकटा ऐकत) ईक्यू करू नये, असं सगळे सांगतात. खरंच नाही करायचा?

दोष शोधायला सोलो करा. खुर्चीची करकर, पानाचा आवाज, एखादा शिट्टीसारखा वाजणारा सूर सोलोतच सापडतो. पण तो सापडला की सोलो काढा आणि मगच ईक्यूचा बँड (त्यातली एक पट्टी) फिरवा. सोलोमध्ये प्रत्येक वाद्य भरदार करायचा मोह होतो, आणि चाळीस भरदार ट्रॅक एकत्र आले की दलदल होते.

सेशनमध्ये संवादाचा ट्रॅक कायम ठेवा, तोही म्यूट करून नाही. तात्पुरता, साफ न केलेला असला तरी चालेल.

संवादासाठी संगीतात जागा कशी करायची? २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये खड्डा पाडला की झालं ना?

तो तयार मसाला आहे. कधी चालतो, बऱ्याचदा नाही.

आधी क्रम सांगतो. पहिली जागा वाद्यमेळ लिहितानाच होते: नायिका बोलतेय त्याच पट्टीत ओबो गात असेल, तर ईक्यू बिचारा काय करणार? दुसरी जागा फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) होते. दीड डीबी (डेसिबल) खाली आणलं की निम्म्या तक्रारी मिटतात. ईक्यूचा नंबर तिसरा. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारली की संगीत पोकळ होतं आणि संवाद तरीही नीट ऐकू येत नाही.

आता ईक्यूबद्दल. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास, बाईचा १६५ ते २५५ च्या आसपास. पण शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांचा मोठा भाग २ किलोहर्ट्झच्या वर असतो. म्हणून तो २-४ चा मंत्र. त्यात एक गोष्ट सुटते ती अशी, की कानात खालचा आवाज वरच्याला झाकतो, वरचा खालच्याला तितकासा झाकत नाही. म्हणजे ३०० हर्ट्झवर जाडजूड पसरलेला सिंथ पॅड त्याच्या वरच्या पट्टीतले शब्दही धूसर करतो. अशा वेळी वर खड्डा पाडून संगीताची चमक घालवण्याऐवजी पॅडमधले २५० ते ५०० हर्ट्झ दोन-तीन डीबी उतरवून बघा. संगीत तेवढंच वाटतं, वाक्य मात्र मोकळं होतं.

याच्या अगदी उलट उदाहरणही देतो. एका प्रसंगात दोन पात्रं कुजबुजत होती. खाली चेलो-व्हायोलिनचा लांब धरलेला मंद स्वरगुच्छ, नमदा लावलेला पियानो आणि एक खर्जातला ड्रोन (सतत धरलेला सूर). मी सवयीने ड्रोन आणि चेलोचा खालचा भाग उतरवत बसलो. शब्द काही मोकळे होईनात. मग डोक्यात प्रकाश पडला: कुजबुजताना स्वरतंतू कंपच पावत नाहीत. मूळ सूर नसतोच, असते ती फक्त हवा. त्या हवेला झाकत होती दुसरी हवा. हळुवार फिरणाऱ्या गजाची सरसर आणि अगदी जवळून माइक लावलेल्या पियानोच्या हातोड्यांची फुसफुस, दोन्ही ३ ते ७ किलोहर्ट्झमध्ये. खालचं सगळं परत होतं तसं ठेवलं, तंतुवाद्यांना ४ किलोहर्ट्झच्या वर अडीच डीबीचा उतरता शेल्फ (तिथून वरची सगळी पट्टी उतरवणारा वक्र) दिला, पियानोला साडेतीन. कुजबुज स्पष्ट झाली आणि ड्रोनमुळे दृश्याला जो दाब होता तोही टिकला.

म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा आधी बघा की समोरचा माणूस कसा बोलतोय. ओरडतोय, पुटपुटतोय, रडत बोलतोय, फोनवरून बोलतोय? खड्ड्याची जागा त्यावर ठरते.

मग डायनॅमिक ईक्यूला (आवाजाच्या पातळीनुसार आपोआप हलणाऱ्या ईक्यूला) संवादाचा साईडचेन देऊन, म्हणजे संवादाच्या इशाऱ्यावर चालवून, मोकळं होऊ का? वाक्य आलं की आपोआप जागा होईल.

मिक्सच्या टेबलावर, शेवटच्या टप्प्यात, जरूर. स्टेममध्ये छापून (कायमचं रेकॉर्ड करून) देऊ नका.

कारण तुमच्याकडचा संवाद अंतिम नसतो. पुढे वाक्य सरकतं, बदलतं, डब होतं, कधी उडतंच. मग संगीतात जिथे कोणी बोलतच नाही तिथे खड्डे राहतात. दुसऱ्या भाषेतल्या डबिंगसाठी संगीत आणि इफेक्ट्स संवादाशिवाय वेगळे दिले जातात. तिथे वाक्यांची लांबीच वेगळी, त्यामुळे हे खड्डे आणखी उघडे पडतात. आणि साउंडट्रॅक म्हणून तेच संगीत स्वतंत्रपणे बाहेर आलं, तर ऐकणाऱ्याला ते विनाकारण श्वास रोखतंय असं वाटतं.

लावायचाच असेल तर माझ्या सवयीचे आकडे: जास्तीत जास्त ३ डीबीची घट, अ‍ॅटॅक (घट व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज (पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) ३०० ते ५०० च्या घरात. रिलीज याहून चपळ ठेवला की दोन शब्दांच्या मधल्या फटीत संगीत उसळी मारतं आणि प्रेक्षकाला काहीतरी हलतंय हे कळतं. लांब संवादाला मी अजूनही हाताने ऑटोमेशन (कुठे किती बदल ते आधीच आखून ठेवणं) करतो. वेळ जातो, पण वाक्य सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी जागा करता येते. साईडचेनला पुढचं दिसत नाही.

प्रत्येक ट्रॅकला हाय-पास (खालची पट्टी कापणारा फिल्टर) लावायचाच का?

नाही. ही सवय गाण्याच्या मिक्समधून आलेली आहे आणि ऑर्केस्ट्राचं नुकसान करते.

वाद्याचा सर्वांत खालचा सूर माहीत असावा: व्हायोलिन १९६ हर्ट्झ, व्हिओला १३१, चेलो ६५, चार तारांचा डबल बास ४१, पियानो २७.५. जवळून लावलेल्या माइकला या आकड्याच्या थोडं खाली, १२ डीबी प्रति सप्तक उताराने, हाय-पास लावला तर सहसा बिघडत नाही. पण सबंध वाद्यवृंदावर वर टांगलेल्या मुख्य माइकांना हात लावताना विचार करा. व्हायोलिनच्या मूळ सुराखाली त्या माइकांत जे ऐकू येतं तो कचरा नसतो, ते दालन असतं. तिथे १०० हर्ट्झवर कात्री चालवली की मोठं दालन खोलीएवढं होतं आणि पडद्यावरचा विस्तीर्ण डोंगर अचानक पोस्टकार्डावर छापल्यासारखा वाटतो.

आणखी एक गंमत. हाय-पास लावल्यावर मीटरवरचं शिखर कधीकधी *वाढतं*. ऊर्जा कमी झालेली असते, पण फिल्टरने खालच्या भागाची फेज (लहरीची वेळेतली जागा) फिरवल्यामुळे आधी एकमेकांना खोडणारी शिखरं आता एका जागी येतात. १२ डीबी प्रति सप्तकाचा नेहमीचा हाय-पास त्याच्या कटऑफवरच (जिथून कापतो त्या फ्रिक्वेन्सीवरच) फेज ९० अंशांनी फिरवतो. उतार तीव्र केला की आणखी. टिंपनीवर हे हमखास दिसतं. त्यात चूक काही नाही, फक्त दचकू नका.

दिग्दर्शक म्हणतात 'आवाज गढूळ आहे'. याचं आकड्यात भाषांतर कसं करायचं?

यासाठी प्रत्येकाने स्वतःचा शब्दकोश करावा. माझा असा आहे:

'गढूळ' म्हणजे बहुतेक २०० ते ४०० हर्ट्झ, आणि एका ट्रॅकमध्ये नव्हे तर पाच-सहा ट्रॅकमध्ये थोडं थोडं. 'डब्यातून आल्यासारखा' ४०० ते ७००. 'नाकातला' ८०० ते १५००. फ्रेंच हॉर्न आणि व्हिओला एकत्र आले की हा शब्द येतो. 'टोचतोय' म्हणजे अडीच ते ४ किलोहर्ट्झ. 'पत्र्यासारखा' ५ ते ८, जास्त करून झांजा आणि सॅम्पलमधली व्हायोलिनं. 'घुमतोय' म्हणजे साधारण ८० ते १५० मधला एखादा सूर फुगलाय.

'किनरा' हा शब्द फसवा आहे. तो ऐकला की हात वरच्या पट्टीकडे जातो, पण बहुतेक वेळा वर काही जास्त नसतं, खाली काहीतरी हरवलेलं असतं. चेलोचा स्टेम अर्धा डीबी वर करा आणि बघा तक्रार राहते का.

आणि 'उबदार पाहिजे' असं कोणी म्हणालं तर ईक्यूला हात लावण्याआधी विचारा की कोणत्या प्रसंगात. बहुतेक वेळा त्यांना ट्रम्पेट नको असतो, एवढंच.

मिनिमम फेज आणि लिनिअर फेज यातलं काय वापरायचं?

रोजच्या कामाला मिनिमम फेज. लिनिअर फेज हा वरचढ प्रकार नाही, वेगळ्या कामाचा प्रकार आहे.

मिनिमम फेज ईक्यू फ्रिक्वेन्सी बदलताना फेजही बदलतो. अ‍ॅनालॉग ईक्यूही हेच करत आले. लिनिअर फेज सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करतो, म्हणून त्यांचं आपसातलं नातं टिकतं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, आघाताच्या *आधी* बारीकशी कुजबुज येते, प्री-रिंगिंग. अरुंद आणि खोल कट खालच्या पट्टीत दिला तर मोठ्या ढोलाच्या ठोक्याआधी 'फुप्' असं काहीतरी ऐकू येतं. दोन, विलंब.

विलंबाचा हिशोब करून बघा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) ४,०९६ सॅम्पल लांबीचा सममित फिल्टर आवाज सुमारे २,०४८ सॅम्पल मागे टाकतो, म्हणजे जवळजवळ ४३ मिलिसेकंद. सेकंदाला २४ चौकटी असतील तर एक चौकट बरोबर २,००० सॅम्पलची. म्हणजे एका ईक्यूत संगीत पडद्याच्या एक चौकट मागे गेलं! सेशनच्या आत सॉफ्टवेअर याची भरपाई आपोआप करतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

मला लागला. तंतुवाद्यांचा स्टेम मी सेशनबाहेर, एका वेगळ्या एडिटरमध्ये उघडून त्यावर लिनिअर फेज ईक्यू चालवला आणि फाइल परत आणून ठेवली. त्या एडिटरमध्ये भरपाई होत नव्हती. शांत भागात काही जाणवलं नाही. मग एक जागा आली जिथे तंतुवाद्यं आणि तालवाद्यं एकदम तुटून पडतात, आणि 'ठाक्' ऐवजी 'ठ-टाक्' आलं. अर्धा तास वादकांना दोष देत होतो. तेव्हापासून बाहेर जाऊन परत येणाऱ्या प्रत्येक फाइलची सुरुवात मी मूळ फाइलच्या खाली ठेवून सॅम्पलपर्यंत मोठी करून बघतो.

लिनिअर फेजची खरी जागा कुठे? एकाच वादनाचे अनेक माइक असतील आणि त्यातल्या एकालाच तीव्र ईक्यू लागत असेल तिथे. मुख्य माइक आणि जवळचा माइक यांच्यात तोच आवाज शिरलेला असतो. एकाची फेज फिरली तर दोघं जिथे एकमेकांवर येतात तिथे पोकळपणा येतो. अर्थात हे माइक आधीच वेगवेगळ्या अंतरावर असतात. १० मीटर म्हणजे सुमारे २९ मिलिसेकंद. त्यामुळे हळुवार, रुंद ईक्यूच्या फेजची फार चिंता करण्यात अर्थ नाही.

कोणता ईक्यू प्लगइन घ्यावा? काहींचा आवाज 'संगीतमय' असतो म्हणे.

साध्या डिजिटल ईक्यूचा एक बँड म्हणजे बहुतेक वेळा एक बायक्वाड: पाच गुणक, थोडे गुणाकार, थोड्या बेरजा. दोन वेगवेगळ्या प्लगइनमध्ये तोच वक्र नेमका जुळवला, दोन्ही मिनिमम फेज असले आणि एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून बेरीज केली तर जवळजवळ शांतता उरते. हा प्रयोग एकदा स्वतः करा. पुढची कित्येक वर्षं खरेदीचा मोह आवरता येतो.

फरक असतो तो तीन गोष्टींत. नॉबवरचा आकडा आणि प्रत्यक्ष वक्र यांचं नातं प्रत्येकात वेगळं असतं. एकात क्यू (पट्टी किती अरुंद ते सांगणारा आकडा) १.४ म्हणजे साधारण एक सप्तकाची रुंदी, दुसऱ्यात गेन वाढवला की रुंदीही बदलते. अ‍ॅनालॉगची नक्कल करणारे प्लगइन वक्राबरोबर थोडं विरूपणही घालतात, म्हणजे नवीन स्वरांश. ते आवडतात, मलाही पितळी वाद्यांवर आवडतात, पण तो ईक्यूचा गुण नव्हे. आणि तिसरी, पडदा. जिथे हात पटकन जातो तो चांगला. फ्रिक्वेन्सी, गेन आणि रुंदी तिन्ही स्वतंत्रपणे फिरवता येणारा पॅरामेट्रिक ईक्यू जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडला. आजही आपण तेच तीन नॉब फिरवतोय.

४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये वरच्या पट्टीचा ईक्यू बिघडतो का?

थोडा. ४८ ला वरची हद्द २४ किलोहर्ट्झ. साध्या पद्धतीने बनवलेल्या फिल्टरमध्ये १५-१६ किलोहर्ट्झवरचा बेल वक्र या हद्दीला दबून एका बाजूला चपटा होतो. ओव्हरसॅम्पलिंग असलेला (आतल्या आत जास्त सॅम्पल दराने चालणारा) किंवा ही दुरुस्ती करणारा ईक्यू वापरला की प्रश्न मिटतो. एवढ्यासाठी अख्खं सेशन ९६ वर नेऊ नका.

सॅम्पल लायब्ररीच्या (आधीच सूर-सूर रेकॉर्ड करून ठेवलेल्या वाद्यांच्या) ऑर्केस्ट्राला खऱ्या ऑर्केस्ट्रापेक्षा जास्त ईक्यू लागतो का?

लागतो, पण वेगळ्या कारणाने. खऱ्या वाद्यवृंदात सोळा व्हायोलिनं एकदाच दालनात वाजतात. सॅम्पलमध्ये तुम्ही प्रत्येक सूर, प्रत्येक थर दालनासकट पुन्हा रचता. सहा थर म्हणजे सहा दालनं. त्यामुळे २०० ते ५०० हर्ट्झमध्ये गाळ साचतो, आणि सॅम्पल घेताना एका सुराला जो दोष होता तो ती की दाबली की दरवेळी तसाच्या तसा येतो.

गाळासाठी रुंद, उथळ कट, तोही गटाच्या बसवर (गटाचे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे). एखाद्याच सुराच्या फुगवट्यासाठी डायनॅमिक ईक्यूचा अरुंद बँड: समजा ९८ हर्ट्झचा सूर उसळतोय, तर तिथे क्यू ६ ते ८ ठेवून थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून तो काम सुरू करतो ती) असा लावा की बाकीच्या सुरांना तो हलणारही नाही. स्थिर कट दिला तर शेजारचे सूरही बारीक होतात.

आणि व्हायोलिनं टोचत असतील तर ईक्यूआधी लायब्ररीतला जवळचा माइक कमी करा. तो माइक कमी करणं हाच सर्वांत स्वच्छ ईक्यू आहे.

टेम्प ट्रॅकसारखा (संकलनात तात्पुरतं लावलेल्या संगीतासारखा) आवाज पाहिजे, मॅच ईक्यू चालेल?

मॅच ईक्यू दोन आवाजांच्या सरासरी वर्णपटांची तुलना करून एक वक्र देतो. पण टेम्पमध्ये सहा हॉर्न आणि तुमच्याकडे एकटा क्लॅरिनेट असेल, तर तो वक्र क्लॅरिनेटला हॉर्न करत नाही, विचित्र क्लॅरिनेट करतो. वाद्यमेळ सारखा असेल तेव्हा लावा, प्रमाण २५-३० टक्क्यांवर आणा आणि वक्रातले सगळे बारीक दाते गुळगुळीत करा. त्यातून फक्त एवढंच वाचायचं, की आपलं काम त्यांच्यापेक्षा वर जड आहे का खाली.

अ‍ॅनालायझर (फ्रिक्वेन्सीनुसार पातळीचा आलेख) बघावा की नाही?

बघावा, पण ईक्यू करून *झाल्यावर*. ऑर्केस्ट्राचा आलेख उजवीकडे उतरतच जातो. तो सपाट करायला गेलात तर कान फाटतील. ३० हर्ट्झच्या खाली काही लपलंय का हे मात्र छोट्या स्पीकरवर काम करणाऱ्याला तिथेच दिसतं.

माझ्या खोलीत मिक्स छान वाजतो, थिएटरमध्ये मंद आणि घुमणारा होतो. का?

दोन कारणं मिसळलेली असतात.

पहिलं, पातळी. कानाला कमी आवाजात खालची पट्टी कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे वक्र मांडले. घरी हळू आवाजात काम करताना आपण नकळत बास वाढवतो. चित्रपटगृहाची संदर्भ पातळी पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलला ८५ डीबी. तिथे तोच बास दुप्पट वाटतो. छोट्या खोलीत ८५ सहन होत नाही, म्हणून बरेच जण ७९ च्या आसपास ठेवतात. आकडा कोणताही असो, एक ठरवा आणि व्हॉल्यूम नॉबला हात लावू नका.

दुसरं, एक्स-कर्व्ह. चित्रपटगृहात स्पीकर छिद्रांच्या पडद्यामागे असतात आणि दालन मोठं असतं. तिथलं मापन २ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे दर सप्तकाला सुमारे ३ डीबी उतरतं ठेवतात. हे ऐकून काही जण घरच्या स्पीकरवर तसाच उतार लावतात, किंवा मिक्समध्ये वरची पट्टी चढवून 'भरपाई' करतात. दोन्ही करू नका. मोठ्या दालनातलं मापन आणि छोट्या खोलीतला जवळचा स्पीकर यांची बरोबरी होत नाही. चढवलेली वरची पट्टी मग ओटीटीवर आणि हेडफोनवर किंचाळते. त्यापेक्षा मिक्सचा एक तुकडा खऱ्या डबिंग थिएटरमध्ये नेऊन ऐका आणि आपल्या खोलीचा स्वभाव लक्षात ठेवा.

एलएफईमध्ये काय आणि किती?

एलएफई ही १२० हर्ट्झपर्यंतची वेगळी वाहिनी, पडद्याच्या चॅनेलपेक्षा १० डीबी वाढीव वाजणारी. ती स्फोटासाठी जन्मली, बास गिटारसाठी नाही. ५.१ चं स्टिरिओत रूपांतर होताना एलएफई बहुतेक वेळा सरळ वगळली जाते. म्हणून फक्त तिथे ठेवलेला ड्रोन फोनवर बघणाऱ्यासाठी अस्तित्वातच नसतो. संगीताचा पाया मुख्य चॅनेलमध्ये पूर्ण असला पाहिजे, एलएफईत फक्त वरचा दणका.

ईक्यूचा संबंध इथे येतो: मुख्य चॅनेलमधल्या ढोलाची प्रत लो-पास करून (वरची पट्टी कापून) एलएफईला पाठवली की लो-पास फेज फिरवतो. घरच्या सिस्टिममध्ये मुख्य चॅनेलचा बासही, बऱ्याचदा ८० हर्ट्झच्या खालचा, त्याच सबवूफरकडे वळतो. तिथे दोन्ही एकमेकांना भेटतात आणि ६०-७० हर्ट्झला भोक पडतं. थिएटरमध्ये दणदणीत, घरी फुसका. एलएफईसाठी वेगळा आवाज वापरणं, किंवा निदान पोलॅरिटी उलटवून दोन्हीकडे ऐकणं, याने हे टळतं.

रिव्हर्बलाही (जोडलेल्या घुमाऱ्यालाही) ईक्यू लावायचा?

आधी तिथेच लावायचा. बरेच 'गढूळ' मिक्स वाद्यांमुळे नाही, रिव्हर्बच्या शेपटीमुळे गढूळ असतात. रिव्हर्बकडे जाणाऱ्या वाटेवर १५०-२०० हर्ट्झचा हाय-पास आणि ७-८ किलोहर्ट्झपासून हळुवार उतार. वाद्य तसंच राहतं, धुकं निघून जातं.

सराउंडमध्ये सगळ्या चॅनेलला एकच ईक्यू की वेगळा?

एकाच वादनाचे डावा, मधला, उजवा असे चॅनेल असतील तर तिन्ही जोडलेले. फक्त कडेच्या दोघांना तीव्र ईक्यू दिला आणि मधला तसाच सोडला, तर वाद्यांच्या जागा हलतात. अपवाद मधल्या चॅनेलचा: तिथेच संवाद असतो. संगीत मध्ये थोडं कमी ठेवणं हे माझ्या मते कुठल्याही खड्ड्यापेक्षा चांगलं. मागच्या चॅनेलमध्ये २ ते ५ किलोहर्ट्झ जास्त चमकलं की प्रेक्षक मान वळवतो, म्हणून तिकडे मी एखाद-दोन डीबी मऊ करतो.

ईक्यूत वाढवल्याने आतल्या आत क्लिप होतं (आवाज हद्दीबाहेर जाऊन फाटतो) का?

आजकालच्या ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंट सेशनमध्ये नाही. २४ बिटची फाइल छापताना मात्र होतं, तेव्हा छपाईआधीची पातळी तपासा. याहून मोठा धोका कानाचा आहे. ईक्यूने एक डीबी जरी मोठं झालं तरी ते 'चांगलं' वाटतं. बायपास दाबून (ईक्यू बंद-चालू करून) तुलना करताना दोन्हीची पातळी सारखी करा. सारखी केल्यावर माझे निम्मे ईक्यू मलाच अनावश्यक वाटलेत.

एका बँडला जास्तीत जास्त किती डीबी?

नियम नाही. ६ च्या वर गेलात तर ईक्यू सोडून माइक किंवा वाद्यमेळ बघा.

स्टेम देताना ईक्यूबद्दल काही लिहून द्यायचं का?

द्या, चार ओळी पुरतात. दोष काढण्यासाठी केलेला ईक्यू (घुमणारा सूर, करकर, गाळ) छापलेला असतो, तो सांगायची गरज नाही. संवादासाठी केलेला ईक्यू न छापता, सूचना म्हणून लिहा. माझी एक खरी चिठ्ठी अशी होती (इथे 'क्यू' म्हणजे संगीताचा तुकडा): 'क्यू १४, तंतुवाद्यं: कुजबुजीच्या चार वाक्यांपुरतं ४ किलोहर्ट्झच्या वर अडीच डीबी खाली घेऊन बघा. पियानो साडेतीन. ड्रोनला हात लावू नका, तो मुद्दाम आहे.' उत्तर आलं: 'पियानो दोनच घेतला. ड्रोन वाढवला.'